एकोणीस घरांची वही

माझा नवरा गेला तेव्हा घरात रडारड चालू होती आणि आमच्या बिल्डिंगमधले हे काका जिन्यात टेप लावून मोजत होते.

कुणीतरी म्हणालं, "साधारण दोन तासांत काढू." लगेच ह्यांनी वर मान केली. "साधारण म्हणजे किती? एक चाळीस की दोन वीस?" मयताच्या दारात असं बोलणाऱ्या माणसाला कोण काय म्हणणार? माझा दीर तर अंगावर गेला. पण हे शांतपणे म्हणाले, "जिन्याचं वळण तीन फूट दोन इंच आहे. तिरडी आडवी वळणार नाही. डोक्याकडची बाजू आधी उतरवा आणि पायाकडची कठड्यावरून उचलून घ्या. नाहीतर भिंतीला लागेल."

तसंच केलं. तिसऱ्या मजल्यावरून माणूस कुठे न आपटता खाली गेला. मागच्या वर्षी बी विंगमधल्या म्हातारीला उतरवताना दोनदा भिंतीला लागलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांना वेडा म्हणायचं सोडलं. लोकांनी सोडलं नाही.

सरकारी नोकरीत ते वजनमापांचे इन्स्पेक्टर होते. दुकानांत जाऊन काटे, तराजू, रॉकेलची मापं तपासायचे. रिटायर झाले, बायको वारली, मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली. पण तपासणं सुटलं नाही. उंच, हाडकुळे, मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट. एका खिशात लोखंडी टेप, तिच्या वजनाने त्या बाजूचा शर्ट कायमचा ओघळलेला. कापडी पिशवीत अर्ध्या किलोचं पितळी वजन असायचं, ते पेणकरपाड्याच्या नाक्यावरच्या भाजीवालीच्या काट्यावर ठेवायचे.

"काका, माजा काटा खोटा न्हाय हाय," ती ओरडायची.

"खोटा कोण म्हणतंय? दहा ग्रॅमनं गोंधळलाय."

ती शिव्या द्यायची आणि दुसऱ्या दिवशी काटा नीट करून आणायची. शेअर रिक्षात बसले की मागची सीट मोजायचे आणि चौथं माणूस कोंबणाऱ्या रिक्षावाल्याला इंच सांगायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरला त्यांनी सांगितलं होतं की तुमची उंची मोजायची पट्टी भिंतीवर अर्धा इंच वर ठोकली आहे, तुम्ही सगळ्या मीरा रोडला बुटकं करून ठेवलंय. डॉक्टर हसला. हे हसले नाहीत. थट्टा त्यांना कळायची नाही. "अंदाजे", "साधारण", "थोडंसं" असे शब्द कानावर पडले की त्यांच्या कपाळावर आठी यायची. मी एकदा म्हटलं, "मीठ चवीपुरतं घालते." तर म्हणाले, "कुणाच्या चवीपुरतं?"

मी घरी चपात्या करून विकते. नवरा रंगाच्या कारखान्यात होता, मागे काही ठेवलं नाही. मुलगा सुरतला आहे, त्याचं त्यालाच पुरत नाही. रोज तीनशे चपात्या, दोन मोठे सिलिंडर, मदतीला एक बाई. सोसायटीत घरात धंदा करायला परवानगी नाही. तरी माझा चालत होता, कारण चेअरमन चालवू देत होते. हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आमच्या सोसायटीत चार विंग, चौसष्ट घरं आणि बावीस वर्षं एकच चेअरमन. आमच्याच भागातला माणूस, रायगडचा. गोड बोलायचा. कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. तळमजल्यावरच्या ऑफिसात मोठा पडदा होता, त्यावर सोळा चौकोन. गेट, लिफ्ट, जिने, पार्किंग, सगळं त्यात दिसायचं. मी खाली गेले की हात जोडून म्हणायचे, "मावशी, काल पावणेआठला तुमच्याकडे ती बाई कोण आली होती? नवीन वाटली." बस, एवढंच. पुढे काही नाही. मी घरी येऊन दार लावायचे आणि उगाच आठवत बसायचे, की मी काय चुकीचं केलं.

मोबाइलवर सोसायटीचा ग्रुप होता. त्यात लिहायचा अधिकार फक्त चेअरमनना. बाकीच्यांनी खाली अंगठा नाहीतर हात जोडलेले टाकायचे. दुपारपर्यंत ज्यांचे हात जुळले नाहीत त्यांच्या घरी वॉचमन येऊन विचारायचा, "तब्येत ठीक है ना?"

बी विंगमधल्या एका कुटुंबाने एकदा सभेत विचारलं होतं की गच्चीच्या कामाला अमुकच ठेकेदार का. त्या महिन्यात त्यांच्या नळाला पाणी बंद होऊन नुसती हवा येऊ लागली. मग गाडीवर ओरखडे. मग त्यांच्या भाडेकरूसाठी पोलिसांत जमा करायचं ना-हरकत पत्र सोसायटीने दिलं नाही. आठ महिन्यांत घर विकून गेले. कुठे गेले ते आम्ही कुणी विचारलं नाही. विचारताना कुणी पाहिलं असतं तर?

दर पाच वर्षांनी निवडणुकीचा कागद लागायचा. जेवढ्या जागा तेवढेच अर्ज यायचे, सगळे चेअरमनच्या माणसांचे. सभेत नावं वाचायची, समोसे वाटायचे, "बिनविरोध" म्हणायचं आणि टाळ्या. मोठ्या निवडणुकीला आम्ही सगळे उन्हात रांग लावून बोटाला शाई लावून येतो. सोसायटीच्या निवडणुकीत माझ्या बोटाला कधी काही लागलं असेल तर ते समोशाचं तेल.

काकांचं आणि चेअरमनचं पहिलं भांडण पाण्यावरून झालं. भांडण तरी कसलं. हे रोज सकाळी सहाला गच्चीवर जायचे, टाकीत बांबू बुडवायचे, ओला भाग टेपने मोजायचे आणि जिन्याच्या भिंतीवर खडूने लिहायचे. ए विंग इतके फूट, बी इतके, सी इतके, डी इतके. कुणाला काही बोलायचे नाहीत. फक्त आकडे. पंधरा दिवसांत लहान पोरांनाही कळलं की चेअरमनच्या विरुद्ध कुणी काही बोललं की त्या विंगचा आकडा दुसऱ्या दिवशी उतरतो.

एका सकाळी जिन्याला नवा रंग दिला. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं.

चेअरमन त्यांना जिन्यातच भेटले. मी डबा घेऊन उतरत होते, थांबले.

"काका, वय झालं तुमचं. गच्चीवरून तोल गेला तर? मी तुमच्या मुलीला काय सांगू?"

"पडलो तर चौपन्न फूट," हे म्हणाले. "सांगताना अंदाजे सांगू नका."

चेअरमन हसले. त्यांना ती धमकी आहे हे कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

मग रिडेव्हलपमेंटचं आलं. बिल्डिंग पाडून नवी बांधायची. जुनं घर जितकं मोठं त्याच्या हिशेबाने नवीन मिळणार. चेअरमनने बिल्डरला द्यायची यादी काढून नोटीस बोर्डाच्या काचेत लावली. प्रत्येक घरापुढे किती चौरस फूट ते लिहिलेलं. माझ्यापुढे दोनशे शहाण्णव. मला त्यातलं काय कळतंय? बरोबरच असणार असं वाटलं.

संध्याकाळी काका चपात्या न्यायला आले ते सरळ आत आले. एरवी उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. "वहिनी, मोजू का?"

"काय, चपाती?"

"घर."

मी दार लावून घेतलं. त्यांनी टेप फेकली आणि मला दुसरं टोक धरायला सांगितलं. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, चेअरमनचं बरोबर डोक्यावर, चौथ्यावर. त्यांच्या हॉलमध्ये झोपाळा आहे. त्याच्या कड्या दिवसभर कर्र कर्र करतात, मला सवय झाली आहे. आम्ही हॉल मोजला, स्वयंपाकघर मोजलं. आतल्या खोलीत टेप फरशीवर सटकन परत गेली, मोठा आवाज झाला, आणि वरचा झोपाळा थांबला.

आम्ही दोघं भिंतीला धरून उभे राहिलो. बऱ्याच वेळाने कड्या पुन्हा सुरू झाल्या.

"तीनशे एकेचाळीस," ते कुजबुजले. "पंचेचाळीस फूट खाल्लेत. आणि तुमच्या डोक्यावरचं घर, भिंतीवर भिंत, तसंच्या तसं, यादीत चारशे वीस आहे."

त्यांनी वही काढली, शाळेतल्या पोरांची असते तशी, लांबट. एका पानावर माझं घर काढलं, भिंतींची मापं लिहिली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "इथे सही करा."

"कशाला?"

"नियम आहे. काटा तपासला की दुकानदाराची सही घ्यायची. मालकासमोर मोजलं आणि मालकाला मान्य आहे. सहीशिवाय माप म्हणजे नुसत्या गप्पा."

हीच त्यांची चूक. दुसरा कुणी असता तर आकडे घेऊन गप्प बसला असता. ह्यांना सहीशिवाय चैन नव्हतं, कारण खात्यात तसं करायचे. मी सही केली. माझी शाळा चौथीपर्यंत, सही म्हणजे पूर्ण नाव लिहायचं, दुसरी येत नाही. एक मिनिट लागतं.

पुढचे दोन महिने ते घरोघर गेले. चौसष्टांतल्या एकोणीस घरांनी आत घेतलं, बाकीच्यांनी दार उघडलं नाही. समोरच्या दारातली भाभी मला म्हणाली, "काका को बोलो, हमारा भी नाप लें. पर दोपहर को आएँ, तब वॉचमन खाना खाता है." एकोणीसच्या एकोणीस घरं यादीत कमी लिहिलेली निघाली. एकोणीस सह्या झाल्या. मग ही गोष्ट चेअरमनच्या कानावर गेली आणि आम्हाला पहिल्यांदा कळलं की आम्ही काय करून बसलोय. ती मापांची वही राहिली नव्हती. कोण कोण चेअरमनच्या विरुद्ध आहे त्याची सह्यांसकट यादी त्या वेड्याच्या पिशवीत फिरत होती.

लोक त्यांना जिन्यात गाठून म्हणायचे, "काका, माझं पान फाडा." ते म्हणायचे, "तपासणीचं पान फाडत नाहीत." भाभी रडली माझ्याकडे. "आंटी, मेरा आदमी मुझे मार डालेगा." माझं पहिलंच पान होतं.

त्याच साली निवडणूक आली आणि ह्यांनी अर्ज आणला.

नियम असा, की एक जरी अर्ज जास्त आला तर मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठ्या टाकून, गुप्त. हात वर करून नाही. त्यांना तेवढंच हवं होतं. "मी निवडून येणार नाही वहिनी. मला आठ मतं पडतील. पण मतं मोजावी लागतील. बावीस वर्षांत ह्या सोसायटीत मत मोजलेलं नाही."

अर्जावर आणखी एका सभासदाची सही लागत होती. ती त्यांनी माझ्याकडे मागितली.

मी का दिली? लोकशाहीसाठी वगैरे दिली नाही. मला माझे पंचेचाळीस फूट हवे होते. तेवढ्यात एक खाट, एक कपाट आणि देवघर मावतं. राग आला होता, रागात सही केली. राग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला, मग नुसती भीती उरली.

छाननीच्या आदल्या दुपारी चेअरमन स्वतः माझ्या घरी आले. खुर्चीवर बसले नाहीत, स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसले. तव्यावरची चपाती मागून घेतली, चटणीशी खाल्ली. "मावशी, हाताला काय चव आहे तुमच्या." मग सिलिंडरकडे बघितलं. "एक... दोन. मोठे आहेत नाही? खाली पोरं खेळतात. कधी काही झालं तर मला झोप लागायची नाही. इतकी वर्षं कितीतरी जण तक्रार घेऊन आले, मी म्हटलं, नाही, मावशी एकट्या आहेत."

मी पीठ मळत राहिले. पाणी जास्त पडलं, पीठ हाताला चिकटलं.

"त्या अर्जावर तुमचं नाव दिसलं. मी म्हटलं, ही सही मावशींची नसणार. अर्ज इंग्रजीत, त्यांना कुठे वाचता येतो? कुणीतरी केली असणार." त्यांनी हात धुतले, माझ्याच टॉवेलला पुसले. "उद्या अकरा वाजता साहेब विचारतील. फक्त माझी नाही एवढंच सांगा. दोन शब्द."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी उत्तर मागितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलामागे निवडणूक अधिकारी बसला होता. बाहेरून आणलेला, रिटायर माणूस, सारखं घड्याळ बघणारा. बाजूला चेअरमन. दारात वॉचमन. समोर काका, पिशवी मांडीवर. आणि ऑफिसच्या काचेबाहेर बिल्डिंगमधली पंधरा-वीस माणसं, त्यांत भाभीही.

"आजी, ही सही तुमची आहे का?"

मी अर्जाकडे बघितलं. माझंच पूर्ण नाव, शेवटचं अक्षर खाली घसरलेलं. घरातली तवा-परात माझ्या डोळ्यांपुढे आली. महिन्याचा शिधा आला. सुरतच्या मुलाच्या एका खोलीत पाच माणसं झोपतात, तिथे सहावी मी, ते आलं.

"माझी नाही," मी म्हटलं.

मी काकांकडे बघितलं नाही.

अधिकारी अवघडला. खोट्या सहीचं प्रकरण त्याला नको होतं. "ताडून बघायला ह्यांची दुसरी एखादी सही आहे का?"

"आहे ना," चेअरमन म्हणाले. "काकांच्या वहीत असेल. सगळ्यांच्या सह्या घेतात म्हणे. काका, दाखवा की. तुम्ही खरे असाल तर आत्ता सिद्ध होईल."

किती मऊ आवाजात म्हणाले! मला तेव्हा कळलं की माझी साक्ष त्यांना अर्धीच हवी होती. त्यांना वही हवी होती. भाभीने तोंडावर ओढणी धरली. वही बाहेर आली असती तर मी खोटी पडले असते, अर्ज टिकला असता, मतदान झालं असतं. आणि एकोणीस घरं टेबलावर उघडी पडली असती.

काका पिशवीवर हात ठेवून बसले होते. मी हळूच बघितलं. कपाळावर तीच आठी होती, कुणी साधारण म्हटल्यावर यायची ती.

"ताडायची गरज नाही," ते म्हणाले. "सही मी केली."

"लिहून द्याल?" अधिकाऱ्याने विचारलं.

"देतो."

त्यांनी लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखं सरळ. जन्मात एक ग्रॅम खोटा न लिहिलेला माणूस, त्याने ती ओळ लिहिली, खाली सही केली, तारीख घातली, आणि घड्याळ बघून वेळही घातली. तो कागद दुसऱ्या दिवशी काचेत लागला. समोसे वाटले. बिनविरोध म्हटलं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन दारात. मी सहा चपात्या दिल्या. त्यांनी झाकण लावलं, एरवी चपाती मोजायला काढायचे तशी टेप काढली नाही.

"का केलंत?" मी विचारलं. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही. गैरसमज करून घेऊ नका. वहीत एकोणीस घरं आहेत. तुम्ही एक." मग म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात ते चूक केलंत वहिनी."

"माहीत आहे."

"बरं." आणि गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी वही फोडली. एकेक पान सोडवून ज्याचं त्याला नेऊन दिलं. दुपारी, वॉचमन जेवत असताना. जे तपासणीचं पान फाडत नाहीत म्हणायचे, ते स्वतः दारोदार पानं वाटत फिरले. पोरं जिन्यात त्यांना बघून ओरडायची, "खोटी सही! खोटी सही!" पूर्वी वेडा म्हणायची ते बरं होतं. वेडा म्हटल्याचं त्यांना काही वाटायचं नाही. हे ऐकलं की ते कठडा धरून उभे राहायचे, पोरं खाली जाईपर्यंत.

भाजीवालीकडेही वजन न्यायचे बंद झाले. मी विचारलं तर म्हणाले, "लिहून दिलंय मी. आता माझं माप कोण मानेल?"

पाच महिन्यांनी गेले. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही म्हणून कळलं. मुलगी बडोद्याहून आली, दोन दिवसांत घर आवरून, किल्ली ऑफिसात देऊन गेली. जाताना मला भेटली. तिने काचेतला कागद वाचला होता. "बाबांनी असं का केलं असेल हो?" तिने विचारलं. मी म्हटलं, चहा घे. तिने घेतला नाही.

चेअरमनने पार्किंगमध्ये शोकसभा ठेवली. खुर्च्या, फोटो, हार, सगळं त्यांनीच केलं. माणसंही बरीच आली, न येऊन कुणाला चालणार होतं? चेअरमन चांगलं बोलले. शिस्तीचा माणूस, साधा माणूस, सोसायटीचं भूषण. मग म्हणाले, "शेवटी वय झालं. हातून एक चूक झाली. खोट्या सहीची. पण सोसायटीनं मोठ्या मनानं माफ केलं. मावशींनीसुद्धा केलं. हो ना मावशी?"

मला नुसती मान हलवायची होती. सगळे माझ्याकडे बघत होते. शेजारी भाभी होती, तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. थांबवायला ठेवला की धीर द्यायला, मला माहीत नाही.

"सही माझी होती," मी म्हटलं.

ऐकू गेलं नसेल असं वाटलं, म्हणून उभी राहिले.

"अर्जावरची सही मी केली होती. खोटं मी बोलले. त्यांनी नाही."

चेअरमन वॉचमनला म्हणाले, "मावशींना पाणी दे. दुःख झालंय त्यांना." वॉचमनने पाणी आणलं. मी प्यायले. कुणी काही बोललं नाही. एकोणीस घरांतलं एकही नाही. मी दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही चपला बघत बसले असते. बसलेच होते की, त्या दिवशी ऑफिसात.

चौथ्या दिवशी नोटीस आली. इंग्रजीत होती, भाभीने दार लावून हळू आवाजात वाचून दाखवली. राहत्या घरात धंदा, मोठे सिलिंडर, इतरांच्या जिवाला धोका. पंधरा दिवसांत बंद करा, नाहीतर लेखी खुलासा द्या, नाहीतर पुढची कारवाई. आज अकरावा दिवस आहे. मदतीची बाई परवापासून येत नाही, तिला गेटवर काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही.

मी खुलासा लिहिला आहे. मराठीत, तीन ओळी. मी घरात चपात्या करते, हे खरं आहे. काचेत लावलेला कागद खोटा आहे, तो काढावा. माझं घर तीनशे एकेचाळीस फूट आहे, यादी दुरुस्त करावी. मुलाला फोनवर वाचून दाखवला तर तो ओरडला, "आई, हा खुलासा आहे की भांडण?"

उद्या सकाळी ऑफिस उघडलं की नेऊन द्यायचा आहे. दुसरी प्रत करून ठेवली आहे. तिच्यावर शिक्का आणि सही घेऊन पोच मिळाल्याशिवाय मी तिथून उठणार नाही, असं आत्ता तरी ठरवलं आहे.